पाण्याची लेन

माझ्या प्रकल्पातला पहिला पॉझिटिव्ह नमुना पाण्याचा होता.

2023 चा जुलै. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं आणि माझा प्रकल्प होता लेप्टोस्पायरोसिसचं, म्हणजे पावसाळ्यात चिखल-पाण्यातून होणाऱ्या एका तापाचं, पीसीआरने निदान. पीसीआर म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा कित्येक पटींनी वाढवून ओळखायची पद्धत. पहिलं जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारी पातळ वडी, अंधाऱ्या खोलीत यूव्हीवर ठेवलं, तोंडावर शील्ड ओढली आणि दिवा लावला. आठ लेन, म्हणजे उभ्या रांगा. पहिलीत लॅडर, म्हणजे लांबी मोजायची डीएनएची मोजपट्टी, दुसरीत पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे लेप्टोचा डीएनए नक्की असलेला नमुना, मग पाच रुग्णांचे नमुने, आणि आठवीत पाणी. पाण्याच्या नळीत प्रायमर, म्हणजे हव्या तुकड्याच्या टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे धागे, शिवाय एन्झाइम, बफर सगळं घालायचं, फक्त डीएनए घालायचा नाही. त्याला आम्ही एनटीसी, म्हणजे 'नो टेम्प्लेट कंट्रोल', म्हणतो. ती लेन काळी दिसायला हवी. माझ्या जेलवर दुसरीपासून आठवीपर्यंत प्रत्येक लेनमध्ये, एका ओळीत, नारिंगी पट्टे चमकत होते.

मी आधी पाच रुग्णांच्या लेन पाहिल्या आणि मला आनंद झाला. पाच पैकी पाच! मागे उभ्या असलेल्या मॅडमनी बोट थेट आठव्या लेनवर ठेवलं. म्हणाल्या, "पाण्याला लेप्टो झालाय का?" आवाज चढलेला नव्हता. "जेलचा फोटो काढ, वहीत चिकटव, आणि खाली लिही की हा रन बाद."

तो रन बाद झाला. पुढचे अकरा रनही बाद झाले.

लेप्टोच का निवडला, हे आधी सांगते. मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे भाताची लावणी म्हणजे आषाढात दोन-तीन आठवडे अख्खं घर गुडघाभर चिखलात. बाबा जोत धरतात, आई आणि काकी तरवा लावतात, पायाला कुठे ना कुठे कापलेलं असतंच. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हा जंतू पाण्यात आणि चिखलात येतो आणि त्या कापलेल्या जागेतून आत शिरतो. लावणीच्या दिवसांत आशाताई डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देऊन जातात, आठवड्याला 200 मिलिग्रॅम. आमच्या घरात त्या कपाटात पडून राहायच्या. मी अकरावीत असताना वाडीतला एक माणूस पाच दिवसांच्या तापाने गेला. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईना, शेवटी लघवी बंद. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह. "कसला ताप होता तो?" हे त्याच्या बायकोने कितीतरी जणांना विचारलं. तिला उत्तर मिळालं नाही. तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही.

मुंबईकरांना हा रोग 26 जुलै 2005 नंतर माहीत झाला. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोक कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी गेले, आणि मागोमाग लेप्टोची साथ आली. रोग मात्र जुना आहे. जर्मनीत अ‍ॅडॉल्फ वाइल यांनी 1886 मध्ये काविळीच्या या तापाचं वर्णन केलं. जंतू हाती लागायला आणखी तीसेक वर्षं गेली. जपानमध्ये इनाडा आणि इडो यांना तो कोळशाच्या खाणीतल्या कामगारांच्या आजारात सापडला. गंमत अशी की त्याच्याही आधी, 1907 मध्ये, स्टिमसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने पीतज्वराने मेला असं समजलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडात हे मळसूत्री जंतू पाहिले होते. दोन्ही टोकांना आकडे, प्रश्नचिन्हासारखे. म्हणून त्याने नाव ठेवलं 'इंटरोगन्स', म्हणजे प्रश्न विचारणारा. आमच्या लॅबमध्ये एक जिवंत कल्चर जपून ठेवलेलं आहे. मॅडमनी एकदा डार्क फील्ड मायक्रोस्कोपखाली दाखवलं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर चांदीच्या केसासारखे बारीक जंतू, सतत स्वतःभोवती गिरक्या घेणारे, आणि थांबला की टोकाला खरंच तो आकडा. मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही.

हा जंतू वाढवून निदान करायचं म्हटलं तर रुग्ण बरा होऊन घरी जातो किंवा दगावतो, तरी उत्तर येत नाही. ईएमजेएच नावाच्या खास माध्यमात, 28 ते 30 अंशांवर, आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. रक्तातल्या अँटिबॉडी शोधायच्या तर त्या साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत, जेव्हा औषध सर्वांत जास्त उपयोगी पडतं, तेव्हा जंतू रक्तात फिरत असतो आणि त्याचा डीएनए पीसीआरने पकडता येतो. म्हणून पीसीआर.

आम्ही जनुक निवडलं ते लिपएल-32. लेप्टोस्पायराच्या काही जाती माती-पाण्यात निरुपद्रवी जगतात. त्यांच्यात हे जनुक नसतं, रोग करणाऱ्यांत असतं. त्यातला 242 बेसचा तुकडा वाढवायचा. जेलवर तो लॅडरच्या 200 आणि 300 च्या पट्ट्यांमध्ये दिसतो.

कागदावर हे सगळं सरळ आहे. 95 अंशांवर डीएनएचे दोन धागे सुटतात, 60 च्या खाली प्रायमर चिकटतात, 72 ला एन्झाइम नवा धागा विणतं. एक फेरी झाली की एकाचे दोन. दहा फेऱ्यांत हजार, वीस फेऱ्यांत दहा लाख, तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. कॅरी मलिस यांना या कल्पनेसाठी 1993 चं नोबेल मिळालं, हे आम्ही बी.एस्सी.लाच पाठ केलं होतं. पण त्या शंभर कोटींचं पुढे काय होतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. रन संपल्यावर आपण नळीचं झाकण उघडतो. झाकणाच्या आत जमलेला सूक्ष्म थेंब हवेत उडतो, हातमोज्यावर बसतो, द्रव मोजून घ्यायच्या पिपेटमध्ये शिरतो. डोळ्याला न दिसणाऱ्या त्या तुषारातही लाखो प्रती असतात, आणि पुढच्या रनला पॉझिटिव्ह करायला त्यातल्या मोजक्या पुरतात.

मायक्रोबायोलॉजीच्या मुलीला हे पचायला वेळ लागतो. पहिल्या वर्षापासून आम्हाला जंतू मारायला शिकवलेलं असतं. टेबल स्पिरिटने पुसा, बर्नर लावा, ऑटोक्लेव्ह करा. मी टेबल दिवसातून चार वेळा स्पिरिटने पुसत होते. स्पिरिटने जंतू मरतो, डीएनए जागच्या जागी राहतो. ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या पाण्यातही वाढवता येण्याजोगे तुकडे शिल्लक राहू शकतात. पीसीआरला जंतू जिवंत आहे की मेलेला, याच्याशी काही देणंघेणं नाही. तिला अक्षरांची ती ओळ दिसली की पुरे.

मग शोध सुरू झाला. जुलैचा उरलेला महिना आणि जवळजवळ सगळा ऑगस्ट. बॅचमधल्या बाकीच्यांचे निकाल येऊ लागले होते आणि मी रोज पाण्याची पीसीआर लावत होते. रुग्णांचा एकही नमुना नाही, नुसतं पाणी, आठच्या आठ नळ्यांत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा मॅडमचा दंडक. सोमवारी नवं पाणी उघडलं. बँड, म्हणजे तो चमकणारा पट्टा, आला. बुधवारी नवे प्रायमर विरघळवले, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवले. बँड. एन्झाइमची नवी नळी, नवं बफर. बँड, जरा फिका. फिका झाला म्हणून मी खूश झाले, तर मॅडम म्हणाल्या, "फिका बँड म्हणजे बँडच. रुग्णाच्या लेनमध्ये एवढाच फिका आला असता तर तू काय लिहिलं असतंस?"

याचं उत्तर मला माहीत होतं. मी पॉझिटिव्ह लिहिलं असतं.

रात्री हॉस्टेलवर झोप लागायची नाही. आईला फोनवर सांगायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "म्हणजे दुधाचं विरजण. एक थेंब राहिला भांड्याला तरी दूध फाटतं, फुटतं." आईने दोन मिनिटांत जे ओळखलं ते मला पुस्तकात सापडलं नव्हतं. भांडं कुठलं, एवढंच शोधायचं होतं.

ते भांडं सापडलं लॅबमधल्या काकांमुळे. ते तिथे वीस-बावीस वर्षं आहेत, काचेची भांडी धुण्यापासून मशीनच्या फ्यूजपर्यंत सगळं बघतात. एका दुपारी मी मास्टर मिक्स, म्हणजे डीएनए सोडून बाकी सगळ्याचं मिश्रण, बनवत होते आणि ते दारात उभे राहून म्हणाले, "गो बाय, ह्या पिपेट जेलच्या खोलीतला मां?" मी हातातल्या पिपेटकडे पाहिलं. स्वच्छ खोलीतलं दहा मायक्रोलिटरचं पिपेट जूनमध्ये कॅलिब्रेशनला गेलं होतं, आणि त्याच्या जागी कुणीतरी तात्पुरतं म्हणून जेल-खोलीतलं आणून ठेवलं होतं. ज्या पिपेटने वर्षभर वाढवलेला डीएनए जेलच्या खाचांत सोडला, त्याच पिपेटने मी प्रायमर घेत होते. टिप रोज नवी होती. दांडा तोच होता.

मॅडमनी लगेच मान डोलावली नाही. त्यांना पुरावा हवा होता. पिपेट उघडलं, दांड्याच्या आतल्या बाजूने ओला स्वॅब फिरवला, तो स्वॅब थोड्या पाण्यात घोळला आणि त्या पाण्याची पीसीआर लावली. शेजारी नव्या, सीलबंद पिपेटने केलेलं पाणी. संध्याकाळी सात वाजता दिवा लावला. स्वॅबच्या लेनमध्ये इतका जाड पट्टा की डोळे दिपावेत. शेजारची लेन काळी.

ती काळी लेन पाहून मी रडले. लाज वाटली नाही. काका बाहेर चहा घेऊन उभे होते.

त्यानंतर लॅबचं रूपच बदललं. तीन जागा ठरल्या. मिक्स बनवायची, डीएनए घालायची आणि जेलची. सकाळी पहिली, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. जेलच्या खोलीत एकदा पाऊल टाकलं की त्या दिवशी मागे फिरायचं नाही, विसरलेली वहीसुद्धा आणायला नाही. प्रत्येक खोलीचा अ‍ॅप्रन वेगळा, पिपेट वेगळी, त्यांवर रंगीत टेप. फिल्टर असलेल्या टिप. टेबल पुसायला रोज ताजं केलेलं ब्लीच, कारण ब्लीच डीएनए तोडतं आणि शिळं ब्लीच तोडत नाही. पॉझिटिव्ह कंट्रोलची नळी प्रायमरच्या डब्यातच ठेवलेली होती, ती वेगळ्या फ्रीजरमध्ये गेली. मी माझा मोबाइल जेल-खोलीत फोटो काढायला नेत असे, तेही बंद. पुढे कोरोनात आलेलं रिअल-टाइम मशीन आम्हाला वापरायला मिळालं. त्यात रन संपल्यावर नळी उघडावीच लागत नाही, निकाल बंद झाकणातूनच वाचता येतो. तरी मॅडमनी मला आधी दोन महिने जेलवर का ठेवलं, हे मला आता कळतं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पाणी काळं झालं आणि मला वाटलं, आता निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. पण काळी लेन दोन कारणांनी काळी असू शकते. जंतू नसेल म्हणून, किंवा पीसीआर चाललीच नाही म्हणून.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रुग्णालयातून चार नमुने आले. चारही निगेटिव्ह. एका रुग्णाची माहिती वाचून मला खटकलं. लावणीनंतर बेणणीला गेलेला तरुण, डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, प्लेटलेट कमी, तिसरा दिवस. तोपर्यंत आम्ही प्रत्येक नमुन्यासोबत माणसाच्याच एका जनुकाची पीसीआर लावू लागलो होतो. बीटा-ग्लोबिन. माणसाच्या रक्तात माणसाचा डीएनए असणारच, तेव्हा ती लेन उजळलीच पाहिजे. या चौघांपैकी दोघांची बीटा-ग्लोबिनची लेनही काळी होती. म्हणजे त्या नळ्यांत पीसीआर गुदमरली होती.

नळ्या कचऱ्याच्या डब्यातून परत काढल्या नाहीत, पण रॅकमध्ये मूळ रक्ताच्या नळ्या होत्या. दोघांची झाकणं हिरवी. आम्ही मागितली होती जांभळी, म्हणजे ईडीटीएची. हिरव्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपरिन असतं आणि हेपरिन टॅक या पीसीआरच्या एन्झाइमला काम करू देत नाही. रात्रपाळीला जांभळ्या नळ्या संपल्या असतील, समोर हिरवी दिसली असेल. ज्या नर्सताईंनी ते घेतलं, त्यांच्यासमोर त्या वेळी वॉर्डात तीस रुग्ण असतील. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं.

रुग्णांकडून पुन्हा रक्त घेतलं, जांभळ्या नळीत. तरुणाचा नमुना पॉझिटिव्ह आला. औषध त्याला डॉक्टरांनी लक्षणांवरून पहिल्याच दिवशी सुरू केलं होतं. आमचा निकाल हा संशोधनाचा, उपचार त्यावर अडून नव्हते, आणि हे मी दर वेळी स्वतःला बजावत असे. तरीही, वहीत त्याच्या नावापुढच्या नंबरवर मी आधी 'निगेटिव्ह' लिहिलं होतं. माझ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात जाऊन टेबलावर एक कागद चिकटवला. जांभळ्या झाकणाच्या नळीचं रंगीत चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात: लेप्टो पीसीआर, फक्त ही.

आणखी एक गोष्ट याच काळात शिकले. रक्तातलं हिमोग्लोबिनसुद्धा पीसीआरला अडवतं. डीएनए काढताना कॉलम, म्हणजे डीएनए धरून ठेवणारी छोटी गाळणी, दोनदा धुतात, पण नमुना जुना असेल, रक्तपेशी फुटलेल्या असतील तर खाली उतरलेला डीएनए किंचित पिवळसर दिसतो. अशा एका नमुन्यात काहीच येईना. मॅडमनी सांगितलं, दहापट पातळ करून लाव. मला उलटं वाटलं. आधीच जंतू थोडे, त्यात पाणी घालायचं? पण पातळ केल्यावर अडथळाही दहापट कमी झाला आणि पट्टा उमटला. अजूनही ते जेल माझ्या वहीत आहे, दोन शेजारशेजारच्या लेन, दाट नमुना काळा आणि पातळ नमुना उजळ.

लॅबमधलं काम असं मार्गी लागत गेलं. वॉर्डातलं राहिलं होतं.

एथिक्स कमिटीची परवानगी मिळायला तीन महिने गेले होते. संमतिपत्र मी पुस्तकी मराठीत लिहिलं होतं, 'सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी स्वेच्छेने संमती आहे' वगैरे. वाचून दाखवलं की लोक अंगठा पुढे करायचे. मला ते बरोबर वाटलं नाही. दुसऱ्या खेपेला मी साधं लिहिलं: तुमच्या तापाचं कारण शोधायला आम्ही चमचाभर रक्त घेणार, नाही म्हटलंत तरी उपचार तसेच चालू राहतील. मग लोक प्रश्न विचारायला लागले. एक आजोबा म्हणाले, "माझा रगात ठेवतलास किती दिवस?" हा प्रश्न कमिटीनेही विचारला होता.

फॉर्मवर एक रकाना होता: तापाचा कितवा दिवस. मला ती सर्वांत सोपी नोंद वाटायची. आज त्या फॉर्मवर त्याच गोष्टीसाठी चार प्रश्न आहेत.

पीसीआरचं सगळं त्या एका आकड्यावर उभं असतं. तिसऱ्या दिवशीच्या रक्तातला निगेटिव्ह आणि बाराव्या दिवशीच्या रक्तातला निगेटिव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या आठवड्यात जंतू रक्तातून हटतो, मूत्रपिंडात जाऊन बसतो, तेव्हा लघवी तपासावी लागते आणि रक्तात अँटिबॉडी शोधाव्या लागतात. मधेच कुणी अँटिबायोटिक घेतलं असेल तर जंतू त्याआधीच दिसेनासा होतो, म्हणून दुसरा प्रश्न आला: कुठली गोळी, कधीपासून. तिसरा प्रश्न: नमुना घेतल्याची वेळ.

पण लोक तारखा सांगत नाहीत. माझे आईबाबाही सांगत नाहीत. "ताप कधी इलो?" असं विचारलं की उत्तर येतं, लावणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सोमवारी, कारण कणकवलीचा बाजार मंगळवारी होता. अमावास्येला. त्यात 2023 ला अधिक श्रावण. 18 जुलैला अधिक लागला, खरा श्रावण 17 ऑगस्टला. 'श्रावणातल्या एकादशीला' म्हटलं की मी बोटावर मोजायला लागायचे, चारांतली कुठली. शेवटी लॅबमध्ये मशीनशेजारच्या भिंतीवर मी कालनिर्णय टांगलं. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी त्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी त्यांना त्याचा उपयोग सांगितला तर ते खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास वॉर्डातल्या नोंदींबद्दलच विचारत राहिले.

चौथा प्रश्न एका म्हातारीमुळे आला.

11 सप्टेंबर, सोमवार. साठीच्या पुढच्या बाई, घरी दोन म्हशी, गोठा स्वतः साफ करायच्या. डोळ्यांत पिवळेपणा, डोकं धरून बसलेल्या. मी शेजारी बसले. ताप कधी इलो? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "अष्टमेक." गोकुळाष्टमी 6 सप्टेंबरला होती, बुधवारी. म्हणजे आज सहावा दिवस. पीसीआरसाठी अजून वेळ गेलेली नव्हती. जांभळी नळी, बर्फाचा डबा, दोन तासांत लॅब.

रन स्वच्छ होता. पाणी काळं, पॉझिटिव्ह कंट्रोल उजळ, बाईंचं बीटा-ग्लोबिन उजळ. लिपएल-32 निगेटिव्ह. तीनही बाजूंनी तपासलेला असा निगेटिव्ह माझ्या हातून पहिल्यांदाच निघत होता आणि तो लिहिताना मला खरोखर अभिमान वाटला. हा निकाल मी कुणासमोरही मांडू शकले असते.

चार दिवसांनी त्यांच्या रक्ताची आयजीएम एलायझा, म्हणजे अँटिबॉडीची तपासणी, आली. ठसठशीत पॉझिटिव्ह.

मी पुन्हा पीसीआर लावली. निगेटिव्ह. नवा डीएनए काढला. निगेटिव्ह. पातळ करून लावला. निगेटिव्ह. प्रत्येक वेळी पाणी काळं, ग्लोबिन उजळ. नळीत काहीच चूक नव्हती. मॅडम सगळी जेलं एका ओळीत मांडून बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "लॅबमधलं संपलं. आता बाईंना विचार."

बाई तोवर बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. गणपती दोन दिवसांवर आले होते, 17 सप्टेंबरचा रविवार. फॉर्मवरच्या नंबरला फोन केला, मुलाने उचलला आणि आईकडे दिला. मागे गणपतीवरच्या माटवीला लावायच्या कवंडळांवरून, म्हणजे रानफळांवरून, पोरांची भांडणं चाललेली ऐकू येत होती. मी आधी प्रकृती विचारली. मग विचारलं, आजी, अष्टमीच्या आधी काहीच त्रास नव्हता? अंग वगैरे दुखत नव्हतं?

"अंग मोडान इल्ला तां नारळी पुनवेक," त्या म्हणाल्या. "थंडी भरली. मगे दुकानातली गोळी घेतलंय, दोन दिसांनी बरां वाटला. चतुर्थेची कामां होती गे चेडवा, निजान कसा भागतला? ताप भरलो तो मगे अष्टमेक."

लेप्टोचा ताप कधी कधी दोन टप्प्यांत येतो. पहिल्या टप्प्यात जंतू रक्तात असतो. मग ताप उतरतो, काही दिवस बरं वाटतं आणि शरीराने अँटिबॉडी बनवायला सुरुवात केली की दुसरा टप्पा चढतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आकृती काढून, पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. बाईंनी मला विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. मी विचारलं होतं ताप कधी आला. त्यांच्या हिशेबात पुनवेला जे आलं त्याला ताप म्हणत नाहीत. तो अंगमोड. ताप म्हणजे ज्याने माणूस आडवा होतो तो.

चौथा प्रश्न आता फॉर्मवर सगळ्यांत वर आहे: या आजारपणात पहिल्यांदा अंग कधी मोडून आलं? त्यासोबत दुसऱ्या आठवड्यातल्या रुग्णांकडून लघवीचा नमुना घ्यायची परवानगी मागितली. ती मिळायला ऑक्टोबर उजाडला. शेवटी माझ्याकडे पन्नासवर नमुने जमले. मोठ्या लॅबच्या हिशेबात हे काहीच नाही. प्रबंधात निकालांच्या तक्त्याला दोन पानं लागली आणि रकाना कसा भरला हे सांगायला अकरा. बहिःस्थ परीक्षकांनी ती अकरा पानं कमी करा असं सुचवलं. मॅडम म्हणाल्या, राहू देत.

त्या रविवारी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं मागे उलटली. नारळी पौर्णिमा, 30 ऑगस्ट, तोही बुधवारच. बोटावर मोजलं, मग कागदावर मोजलं. नोंदवही काढली. लॅबमध्ये खाडाखोड करायची नसते, जुना आकडा वाचता आला पाहिजे. 'तापाचा दिवस' या रकान्यातल्या 6 वर एक आडवी रेघ मारली, शेजारी 13 लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.